थोरल्याने वाटे पाडायचे

माझ्याकडे वाटण्यासारखी जमीन कधीच नव्हती. वडिलांचे घर भाड्याचे होते. ते गेल्यावर मालकाने कुलूप बदलले आणि आम्हा भावंडांचा वारसा त्या दिवशी संपला. भांडायला काही उरले नाही म्हणून आम्ही भांडलो नाही. यात आमचा चांगुलपणा किती, हे मला सांगता येणार नाही. इस्टेट, हिस्से, वारस हे सगळे मी जन्मभर बाहेरून पाहिले. बाहेरच्याला असते तेवढे कुतूहल मला होते. त्याहून अधिक काही नव्हते.

आता मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या बौशरला मुलाकडे राहतो. नोकरीची शेवटची वर्षे मात्र दूरच्या दुक्म बंदरावर गेली. काम ड्राफ्ट्समनचे, राहणे कॅम्पात. दुक्मला तेव्हा बांधकाम होते, वारा होता आणि पुरुष होते. उन्हाळ्याच्या मध्यावर समुद्राकडून जो वारा सुटतो त्यात मोठ्या क्रेन चालवत नाहीत. उचललेला पाइप झोके घेऊ लागतो. मग काम थांबते आणि माणसे वारा पडण्याची वाट पाहत चहा पीत बसतात. ही हकीकत अशाच थांबलेल्या तासांतली आहे.

माझ्या पोर्टाकेबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या ऑफिसात, समोरच्या टेबलावर एक जर्मन इंजिनिअर बसत असे. मोठ्या पंपांची जोडणी तपासण्यासाठी तो कंत्राटावर आला होता. वयाने माझ्याएवढाच. विचारल्याशिवाय बोलत नसे. आमचे जमले ते त्यामुळे.

एके दिवशी तो रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या मागच्या बाजूवर काही काढत होता. मला ती पाइपलाइन वाटली. वरून एक जाड रेषा येत होती, तिला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, आणि बरेच फाटे पुढे आडव्या रेघेने बंद केलेले. मी विचारले, "एवढे व्हॉल्व्ह बंद कशासाठी?"

तो म्हणाला, "ते व्हॉल्व्ह नाहीत. ते वारस न ठेवता मेलेले ड्यूक आहेत."

त्याचे गाव एका छोट्या राजवाड्याच्या पायथ्याशी होते. निवृत्तीनंतर त्या राजवाड्यात पाहुण्यांना दालने दाखवण्याचे काम करायचे त्याने ठरवले होते, आणि त्यासाठी तो त्या घराण्याची वंशावळ पाठ करत होता. ड्यूक म्हणजे आपल्याकडच्या संस्थानिकासारखा. सम्राटाच्या खाली, पण स्वतःच्या मुलखात राजाच. या घराण्यात थोरल्या मुलाला सगळे राज्य देण्याची रीत फार उशिरा आली. तोपर्यंत बाप गेला की राज्य मुलांत वाटले जाई. एका ड्यूकला सात मुलगे होते. सातही ड्यूक झाले. प्रत्येकाने राजवाडा बांधला, दरबार भरवला, आणि घराण्याच्या नावाला आपल्या गावाचे नाव जोडून घेतले. मग एकेक शाखा खुंटत गेली. शाखा खुंटली की उरलेले चुलतभाऊ तिच्या मुलखासाठी भांडत, पुन्हा वाटणी होई, पुन्हा नावे बदलत.

"थोरल्यालाच का दिले नाही?" मी विचारले.

"बापाला सगळे मुलगे सारखे वाटत."

"आणि मुलींना?"

"दागिने, चित्रे, चांगले लग्न. गादी नाही."

मला हे रंजक वाटू लागले. मी त्याची आकृती नीट काढून द्यायचे ठरवले. त्याच्या रेषा वाकड्या होत्या आणि दोन पिढ्या एकाच पातळीवर आल्या होत्या. ड्राफ्ट्समनला असले पाहवत नाही.

वारा असला की आमच्याकडे चहाला आणखी एक माणूस येत असे. तो क्रेन ऑपरेटर होता, राजापूरकडचा. आपले गाव सोडून त्याला बरीच वर्षे झाली होती. त्याने भिंतीवरची माझी नवी आकृती पाहिली, कप हातात धरून खालपासून वरपर्यंत वाचली, आणि म्हणाला, "काका, ही भाऊबंदकी हाय ना?"

"जर्मनीतली."

"कुठलीबी असू दे. कोर्टात कोण गेलं पहिलं?"

त्याने हे सहज विचारले नव्हते. आदल्या वर्षी त्याचे वडील वारले होते. मागे दोघे भाऊ, हा थोरला. धाकटा गावी राहून बाग सांभाळत होता आणि वडिलांचे आजारपण त्यानेच काढले होते. त्याने फोनवर सांगितले होते, "दादा, या गणपतीला येशील तेव्हा वाटे करून टाकू. तू थोरला, तू सांगशील तसं." गणपतीची रजा मंजूर झाली होती. आता याने काय सांगायचे, हा प्रश्न होता.

मालमत्ता समजायला सोपी होती. मध्ये राहते घर. वरच्या अंगाला रस्त्यालगतची मोकळी जागा. खालच्या अंगाला हापूसची कलमे, विहीर, थोडी पोफळी. याला रस्त्याकडची जागा हवी होती. नोकरी संपल्यावर तिथे घर बांधायचे, पुढे ओटा काढायचा, संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्या एसटीकडे पाहत बसायचे, हे त्याने मनात कधीचे पक्के केले होते. मला त्याने घराचा आराखडासुद्धा काढायला लावला होता. भावाला मात्र यातले अक्षर सांगितले नव्हते.

त्याचा प्रश्न मी जर्मनाला इंग्रजीत सांगितला. जर्मनाने आकृतीच्या वरच्या टोकाकडे बोट नेले. त्या सात जणांच्या कितीतरी पिढ्या आधी तिथे दोन भाऊ होते. त्यांनी बरीच वर्षे एकत्र राज्य केले आणि मग वेगळे व्हायचे ठरवले. त्या मुलखाचा जुना कायदा असा होता की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो उचलायचा.

ऑपरेटरने कप खाली ठेवला. "हे बरोबर. याच्यात बोलायला कुणाला जागाच नाय."

"पुढचे ऐक," मी म्हणालो, कारण जर्मन अजून बोलत होता. थोरल्याने वाटे पाडताना धाकटा कोणता घेईल याचा एक अंदाज मनात धरला होता. धाकट्याने दुसराच घेतला. थोरल्याला जो हवा होता तो. थोरला कायमचा नाराज झाला. पुढे राज्याचे तुकडे पडत गेले ते त्याच्याच वंशात.

"त्याचा भाऊ वेगळा, माझा वेगळा," ऑपरेटर म्हणाला आणि उठला.

शुक्रवारी जेवणाच्या वेळी ही गोष्ट मेसमध्ये पोहोचलेली होती. मेसचा कुक मालवणचा. त्याला जर्मन राजांची बातमी म्हणजे शेजारच्या वाडीतली गजाल.

"सात झील, नि सातय राजे?" तो वाढता वाढता म्हणाला. "मगे कामाक कोण जातलो?"

"त्यांची रयत जायची."

"बरा आसा. नि तू रे, तू वाटे पाडतलंस? तुजो भाव शाणो आसा. तो रस्त्याकडची जागा घेतलो, बघ."

"गप रे," ऑपरेटर म्हणाला. "त्याला कलमांशिवाय करमत नाय. फोनवर दुसरं बोलतच नाय तो."

"बोलता एक नि घेता एक. माजो चुलतो तसोच. देवळात गप बसलेलो असायचो, नि घराकडे येवन बांध सरकवायचो."

सगळे हसले. ऑपरेटरही हसला. मी हसलो नाही. जेवण झाल्यावर त्याला बाहेर घेऊन गेलो आणि स्पष्ट सांगितले, "रस्त्याची जागा हवी असेल तर भावाला तसे सांग. ही जर्मन युक्ती करू नकोस."

"युक्ती काय त्याच्यात, काका?"

"तो बाग घेईल असे धरून तू त्याला निवड देतो आहेस. ती निवड नव्हे."

तो म्हणाला, "मी इकडं परदेशात. बाबांचं सगळं त्यानं केलं. रात्री-अपरात्री डॉक्टरकडं नेलं, उचलून बसवलं. आता मी जायचं आणि रस्त्याची जागा मला दे म्हणायचं? माझी जीभ रेटत नाय. त्यानं आपण होऊन बाग घेतली तर ती जागा माझ्याकडं येतेच की."

त्याला जागा हवी होती आणि ती न मागता हवी होती. मी एवढेच म्हटले की मग वाटे असे पाड, की उरेल तो तुला चालेल. तो हो म्हणाला. तो होकार तोंडदेखला होता हे मला दिसत होते. तरी मी कागद घेतला.

घर आणि घरातला गणपती वाटायचा नाही, हे त्याने आधीच सांगितले. जर्मनाला याचे फार नवल वाटले, कारण त्या दोन भावांनीही चांदीच्या खाणी वाटल्या नव्हत्या. त्या सामाईक ठेवल्या होत्या. खाणींतून चांदी निघते, गणपतीतून काय निघते, असे त्याने मला विचारले. मी ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, "त्यांना सांगा, सगळे घरी येतात." जर्मनाने ते लिहून घेतले.

उरलेल्या जमिनीचे मी दोन भाग काढले. पोफळीचा तुकडा वरच्या वाट्याला जोडला, विहिरीकडे जायची वाट दोघांना ठेवली, फाटकाजवळची काही कलमेही त्याच वाट्यात टाकली. फोटो काढून त्याने भावाला पाठवला आणि कळवले की वाटे मी पाडले, हवा तो तू उचल.

उत्तर लगेच आले नाही. जर्मन रोज सकाळी हातातली बॅग ठेवायच्या आधी विचारी, "ड्यूकने निवडले का?" मी म्हणे, नाही. तो मला एकदा म्हणाला की आजवर त्याने ज्या वाटण्या वाचल्या त्यांचा निकाल आधीच माहीत होता. निकाल न लागलेली वाटणी तो पहिल्यांदाच पाहत होता.

पुढच्या शुक्रवारी जेवण चालू असतानाच व्हिडिओ कॉल आला. ऑपरेटरने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. धाकटा भाऊ पडवीत बसला होता. अंगाने वाळका, केस थोरल्यापेक्षा पांढरे.

"दादा, जेवलास?"

"जेवतोय. कलमं कशी आहेत?"

"बरी आहेत. पाऊस लय झाला. खालच्या दोन कलमांना बांडगूळ आलंय, काढायला पाहिजे." तो थांबला. "ते चित्र बघितलं. काकांनी झकास काढलंय."

"मग?"

"मग काय. तूच सांग ना."

"मी नाय सांगायचं. थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय." धाकट्याने मान खाजवली. "तर मग मी वरची घेतो. रस्त्याकडची."

कुक डाळीचे पातेले घेऊन आमच्या टेबलाशी उभा होता. त्याचा अंदाज खरा ठरला होता. त्याने ऑपरेटरच्या ताटात डाळ वाढली. जर्मनाने माझ्याकडे वाकून हळू विचारले, "कोणता?" मी म्हणालो, "थोरल्याला हवा होता तो." त्याने मान हलवली आणि चमचा खाली ठेवला.

"वरची?" ऑपरेटर म्हणाला.

"हां. गुडघे गेले रे दादा. आंबे उतरवायला झेला घेऊन झाडाखाली उभं राहिलो की मान वर होत नाय. रस्त्याला दुकान टाकीन म्हणतो, खतांचं, फवारणीच्या औषधांचं. आणि तुझा जीव कलमांत. दर शुक्रवारी पहिलं तेच विचारतोस. म्हटलं, बाग दादाकडंच जाऊ दे."

ऑपरेटरचा घास हातातच होता. "बरं," तो म्हणाला. "घे."

फोन बंद झाला. मी विचारले, "दर शुक्रवारी पहिले कलमांचे का विचारत होतास?"

"दुसरं काय विचारणार, काका? तू कसा आहेस, असं भावाला कोण विचारतं?"

मी म्हणालो, "आत्ता फोन लाव आणि खरे ते सांग."

"आता? त्याच्या हातात दिलेलं काढून घेऊ?"

"काढून घेऊ नकोस. सांग."

त्याने सांगितले नाही. ताट उचलून धुवायला निघून गेला. पुढच्या दिवसांत तो चहाला आला, पण भिंतीवरच्या आकृतीकडे पाठ करून बसू लागला. मग रजेवर गेला.

तो नसताना आम्ही दोघांनी त्या घराण्याचा बराच अभ्यास केला. एका शाखेचा मुलगा दूरच्या देशाचा राजा झाला, दुसऱ्या शाखेची मुलगी मोठ्या साम्राज्यात सून म्हणून गेली. मूळचे राज्य मात्र एका दिवसात घोड्यावरून ओलांडता यावे इतके लहान. जर्मन म्हणे, राज्य लहान पडले म्हणून मुले बाहेर गेली. मी म्हणालो, आमच्या कॅम्पातले सगळे असेच आलेले आहेत. ऑपरेटरच्या गावी काय झाले असेल, याचा विचार दोघांच्याही डोक्यात होता. मला स्वतःचे नवल वाटले. माझ्या मालकीची नसलेली ती जमीन मला डोळ्यांपुढे दिसू लागली होती. चढ कुठे आहे, वाट कुठे वळते, हे सुद्धा.

रजा संपवून तो आला त्या दिवशीही वारा होता. काजूची पिशवी टेबलावर ठेवून तो आकृतीसमोरच्या खुर्चीत बसला.

"सांगितलं, काका."

"केव्हा?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

दुकानाच्या पायासाठी दोरी धरायची होती. एक टोक धाकट्याच्या हातात, एक याच्या. दोरी ताणता ताणता याच्या तोंडून निघून गेले की याच रेषेवर माझा ओटा यायचा होता. धाकट्याने दोरी सोडून दिली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, तू खुळा आहेस काय? मग बोलला का नाहीस? मी म्हटलं, उचलायचं तुला होतं. तर म्हणाला, मला वाटलं तुला बाग पाहिजे. मी म्हटलं, मला वाटलं तुला पाहिजे. दोघं चिऱ्यांच्या ढिगावर बसलो. वाटणीचा बांध घालायला आणलेले चिरे. तो म्हणाला, बदलून घे. मी म्हटलं, नको, तुझे गुडघे गेलेत. तो म्हणाला, तुला तरी कुठं झाडावर चढता येतं. असं चाललं होतं, तेवढ्यात त्याची बायको पडवीतून ओरडली, झालं का तुमचं? भटजी जेवून गेला तरी तुमचं सरत नाय! खाली दुकान घाला, माडीवर भाऊजींचं घर घाला, आणि चहा घ्यायला या."

"मग?"

"मग चहा घेतला."

एवढ्यात सगळे ठरले होते. रस्त्याकडच्या जागेत खाली धाकट्याचे दुकान, माडीवर थोरल्याचे घर, पुढे ओटा दोघांचा. बाग थोरल्याची, राखण करायला गडी ठेवायचा, देखरेख धाकट्याने बसल्या जागेवरून करायची आणि आंबा निम्मा निम्मा. मी हे जर्मनाला सांगितले. त्याने एकेक करून तपासायला सुरुवात केली.

"रस्त्याकडची जमीन कोणाची?"

"धाकट्याची."

"तिच्यावर घर कोणाचे?"

"थोरल्याचे."

"थोरल्याची बाग कोण पाहणार?"

"धाकटा."

जर्मन खूश झाला. त्या दोन ड्यूकांचेही असेच होते म्हणाला; एकाची गावे दुसऱ्याच्या मुलखात मुद्दाम अडकवून ठेवलेली, दोघांनी पूर्ण फारकत घेऊ नये म्हणून. मग त्याने पेन्सिल उचलली आणि विचारले, "पुढच्या पिढीत कोण कोण आहे?"

ऑपरेटरला दोन मुलगे. धाकट्याला एक मुलगी, शाळेत जाणारी.

"त्यांच्यात हे कसे वाटणार?"

"ते बघतील त्यांचं," ऑपरेटर म्हणाला.

मी भाषांतर केले. जर्मनाने भिंतीवरच्या आकृतीकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले की तिथल्या प्रत्येक ड्यूकचे म्हणणे हेच होते. तेही मी मराठीत सांगितले.

ऑपरेटरने त्या बंद केलेल्या फाट्यांकडे पाहिले. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच भावाला लावला.

"अरे, पोरगी आहे काय घरात?"

"आहे. का रे?"

"तिला विचार, तिला पुढं काय पाहिजे. बाग, दुकान, घर, काय ते. माझ्या पोरांनापण विचारतो आज."

"दादा, आत्ता? अभ्यासाला बसलीय ती. काय झालंय तुला?"

"विचार तू. आपण अंदाज नाय बांधायचा आता."

पलीकडे धाकटा हाका मारत गेला. पावलांचा आवाज आला, कुजबुज झाली, आणि मग मुलीचा चढा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मोठे बाबा, मला बागबिग काय नको! मला मस्कत बघायचंय. तुम्ही कधीचे नेतो म्हणताय!"

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिले. मी जर्मनाला शब्दशः सांगितले. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारले, "मस्कत कोणाच्या वाट्याला येते?"